हौ म्हणणारी बाई

पडद्यावर माय आली तेव्हा अंजली पेनाचं टोपण चावत बसली होती. मागच्या बाकावर कुणीतरी चिवड्याची पुडी फोडली होती, सुग्रीव सर बटन दाबत पुढं पुढं चालले होते, आणि तक्ते, आकडे, रंगीत गोल असं काय काय सरकत असताना एकदम माय. उंबऱ्यावर बसलेली, मांडीवर सूप, सुपात तुरी, पदर कानामागं खोचलेला आणि तोंड अर्धं उघडं. घरात एवढीशी दिसणारी बाई इथं छतापासून फळ्यापर्यंत पसरली होती, आणि तिचा समोरचा एक दात जरासा तिरपा आहे हे अख्ख्या वर्गाला दिसत होतं. फोटोच्या बाजूला लिहिलं होतं: ग्राहक क्रमांक तीन. नाव शेवंताबाई. अल्पशिक्षित. वस्ती झोपडपट्टी. निर्णयक्षमता कमी. आणि सगळ्यात खाली, लाल चौकटीत, ठळक अक्षरांत: नकार देत नाही.

कोण शेवंताबाई? सरांनी नावसुद्धा बदलून टाकलं होतं. अंजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही सिंधुबाई आहे. परळीच्या विहारात पावसाळ्यात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं की पहिल्या रांगेत बसणारी, सातवी पास, पेपर दुपारी का होईना पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी सिंधुबाई. अल्पशिक्षित म्हणे! आणि झोपडपट्टी कुठून आणली यांनी? दोन पक्क्या खोल्या, खाली फरशी, दारात सदाफुली, आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्यावर दोन दिवसांत वीज केंद्राची राख बसते म्हणून माय ती एक दिवसाआड ओल्या फडक्यानं पुसते. परळीत राख सगळ्यांच्याच घरात येते, ती काही घर बघून येत नाही. पण सरांनी वस्तीचं नाव वाचलं असणार, नावातलं 'भीम' वाचलं असणार, आणि पुढचं काही वाचायची गरजच राहिली नसणार. पत्ता वाचला की माणूस वाचून झाला. अंजलीला हे नवीन नव्हतं, पण ते असं भिंतीएवढं करून कुणी दाखवलं नव्हतं.

"बघा, हे तुमचं गिऱ्हाईक," सुग्रीव सर मायच्या कपाळावर लाल उजेडाचा ठिपका फिरवत बोलत होते. "या बाईला बत्तीस प्रश्न विचारले. एकालासुद्धा नाही म्हणाली नाही. एकालासुद्धा! ही बाई 'नाही' म्हणायला शिकलेलीच नाही. अशा बायका वस्ती-वस्तीत शेकड्यानं आहेत. दारात उभं राहायचं आणि बोलत राहायचं, एवढंच काम आहे." वर्ग हसला. शेजारी बसलेली करिष्मा, जिच्या डब्यातलं अंजली दहा महिने खात आली होती, तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "कसली भोळी दिसायलीय बग." अंजलीनं तिच्याकडं पाहिलंच नाही. करिष्माचा काय दोष? परळीहून रोज एसटीनं अंबाजोगाईला येणारी ती एकटीच, तिचं घर वर्गात कुणी पाहिलं नव्हतं, तिची माय कुणाला ठाऊक नव्हती. आता उठावं आणि म्हणावं, ही माझी माय हाय. साधं चार शब्दांचं वाक्य. ते घशापर्यंत आलं आणि तिथंच बसलं, कारण तेवढ्यात सर म्हणाले, "अंजली, बारा वाजता कंपनीचे साहेब येतायत. ग्राहक क्रमांक तीन तू मांडायचं. परळीची आहेस, तुझ्या तोंडून खरं वाटेल. आणि कंपनीत नोकरीची जागा एकच आहे, लक्षात ठेव."

जागा एकच आहे हे काय तिला सांगायला पाहिजे होतं? सेल्स अँड मार्केटिंगचा हा वर्षाचा कोर्स तिनं त्या एका जागेसाठीच तर केला. कम्युनिटी कॉलेजात नाव घालायचं ठरलं तेव्हा चुलता स्थळ घेऊन आलेला होता. मुलगा कड्याच्या साखर कारखान्यावर कामाला, माणसं चांगली, अंजलीचा बाप बन्सी तर चहा प्यायच्या आधीच तयार. चुलता तासभर बोलला. माय चुलीपुढं बसून हौ, हौ करत होती. आणि चुलता "मग कळवू का त्यांना?" असं म्हणाला, तशी माय म्हणाली, "न्हाई. पोरगी शिकती हाय." बस्स. पुन्हा त्या विषयावर घरात कुणी तोंड उघडलं नाही. तिच्या त्या एका न्हाईवर अंजली दहा महिने रोज सकाळी सातच्या गाडीत चढत आली होती. आणि हे म्हणतात, नकार देत नाही! अरे, तुमच्या वर्गात मी बसलेय तीच मुळी एका नकारावर बसलेय. अंजली मनातल्या मनात ओरडत होती आणि वहीत मात्र सरांनी सांगितलेले मुद्दे जसेच्या तसे उतरवून घेत होती. हाताला एवढी गुलामी कुठून लागली होती कोण जाणे.

तास सुटल्यावर ती मागच्या व्हरांड्यात नळाजवळ जाऊन उभी राहिली. नळ गळत होता. हौ. या लोकांना हौ कळत नाही? सुग्रीव सर काय लंडनहून आलेत? ते केजकडचे, त्यांची आजीसुद्धा असंच हौ हौ करत असेल. मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागतं का, की माणूस बोलत असला की समोरच्यानं हौ म्हणायचं असतं? त्याचा अर्थ मी इथं हाय, तुझं ऐकतेय, बोल पुढं. विहारात वाचन असलं की वाचणारे सुंदरराव गुरुजी आधी विचारतात, सिंधुबाई आल्या का? कारण त्या हौ म्हणतात. बाकीच्या बायका पेंगतात, पोरं चुळबुळ करतात, पण वाक्य संपलं की पहिल्या रांगेतून हौ येतो आणि गुरुजींना पुढचं वाक्य सुचल्यासारखं होतं. एकदा मायला ताप होता, ती गेली नाही, तर गुरुजी दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "काल वाचायला मजाच आली न्हाई बघा. भिताडापुढं वाचल्यावानी झालं." ते आठवलं आणि अंजलीला एकाच वेळी हसू आणि रडू आलं.

आणि तो मिक्सरवाला! अंजली तेव्हा चौथीत असेल. लातूरकडचा कुणी, काळी बॅग, गळ्यात टाय आणि पायात स्लिपर. त्यानं दारातच मिक्सर मांडला, मायकडूनच शेंगदाणे घेतले, मायकडूनच मिरच्या, लसूण, मीठ, आणि अर्धा तास तो गरगर फिरवत बोलत राहिला. ताई, याला गंज चढत नाही. हौ. ताई, याचं पातं कधीच बोथट होत नाही. हौ. ताई, पाट्या-वरवंट्यानं तुमचे हात किती दुखतात. हौ, हौ. शेवटी त्यानं खिशातून पावतीपुस्तक काढलं, "मग नाव सांगा." माय म्हणाली, "कशाला?" तो म्हणाला, "घेतलाव की तुमी! हौ म्हणलाव की!" तेव्हा माय जी उसळली! "आरं, तू अर्धा घंटा बोलायलास, मी काय मुक्यावानी बसू? दारात आलेला मानूस बोलत असला तर हौ म्हणावं लागतंय. कुणी शिकवलं का न्हाई तुला?" तो बिचारा मिक्सर बॅगेत कोंबत राहिला. मायनं त्याला पाणी दिलं, वर भाकरीवर त्याचीच चटणी घालून दिली, आणि तो उंबऱ्यावर बसून खाऊनच गेला. पुढं कितीतरी दिवस घरात कुणी फार बोलायला लागलं की बाप म्हणायचा, हौ बाबा, चटणी वाट.

हे सगळं जाऊन सरांना सांगायचं. शांतपणे सांगायचं. ती ऑफिसात गेली तेव्हा सुग्रीव सर उभ्या उभ्या डबा खात होते. तासावर शिकवणारा माणूस, त्यांना तिथं धड खुर्चीसुद्धा नव्हती, हे तिच्या लक्षात आलं आणि राग थोडा अडखळला. "सर, त्या ग्राहक तीनचा फोटो," एवढंच ती बोलली, तर ते घास गिळून म्हणाले, "एक नंबर आलाय! 'हो' म्हणतानाचा क्षण बरोबर पकडलास तू. तीसचे तीस फॉर्म भरलेली तू एकटीच. तुझ्या सहीचा फॉर्म आहे म्हणून तर तुलाच मांडायला दिलं."

फोटो तिनं काढला होता. फॉर्म तिनं भरला होता. जणू हे तिला आता कळत होतं! ती व्हरांड्यात परत आली. सकाळपासून ती सरांवर जळत होती, कंपनीवर जळत होती, हसणाऱ्या वर्गावर जळत होती, आणि हे एवढं मधोमध पडलेलं ती ओलांडून ओलांडून जात होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती रविवारची दुपार. एकोणतीस घरं झाली होती. भांडी घासायच्या लिक्विडचा सर्व्हे, बत्तीस प्रश्न, एकेका घरी अर्धा-पाऊण तास, कुणी चहा द्यायचं, कुणी दारातूनच कटवायचं, आणि खोटे फॉर्म नकोत म्हणून प्रत्येक बाईचा फोटो लावायचा. तिसावं घर शोधायला तिच्या अंगात त्राण नव्हतं. माय उंबऱ्यावर तुरी पाखडत होती. अंजली तिच्यापुढं बसली आणि सुरूच झाली. राखेनं भांडी लवकर मळतात का? हौ. काथ्यानं हात खरखरीत होतात का? हौ. नवीन वस्तू वापरून बघायला आवडेल का? हौ. मायचं लक्ष तुरीत होतं, खड्यांत होतं, पोरगी उन्हातून येऊन बोलतेय तर तिला हौ म्हणण्यात होतं. अंजली प्रत्येक हौला 'होय' वर खूण करत गेली. तिला माहीत नव्हतं? मिक्सरवाल्याची चटणी तिनं खाल्ली नव्हती? माहीत होतं, शंभर टक्के माहीत होतं. पण 'होय', 'नाही' आणि 'सांगता येत नाही' या तीन चौकटींच्या शेजारी 'मी ऐकतेय, बोल बाळा' अशी चौथी चौकट नव्हती, आणि तिला फॉर्म संपवायचा होता. मध्येच मोबाईल काढून तिनं फोटो घेतला. माय म्हणालीही, "आगं, कावून काढायलीस, केस बी विंचरले न्हाईत." ती म्हणाली, "आसंच. कालिजात लागतंय." आणि बत्तिसावा प्रश्न होता, हे उत्पादन तुम्ही विकत घेणार का? तो तिनं विचारलाच नाही. तेवढ्यात माय उठून सूप आत घेऊन गेली होती. तिनं गुडघ्यावर कागद ठेवला आणि 'होय' वर खूण केली.

बाराला दहा मिनिटं कमी असताना साहेब आले. पुण्याचे, फिकट निळा शर्ट, दोन मोबाईल. पहिल्या रांगेत बसले, एक मोबाईल टेबलावर पालथा ठेवला, दुसरा हातात. सुग्रीव सरांनी शाल-नारळ दिलं. हनुमान नावाच्या पोरानं ग्राहक क्रमांक एक मांडला, करिष्मानं दोन मांडला, आणि मग पुन्हा ती आली, छतापासून फळ्यापर्यंत, तिरप्या दातासकट. अंजली मायच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पडद्याचा उजेड तिच्याही तोंडावर पडत होता. एक क्षण तिला वाटलं, बोलून टाकावं जसं लिहिलंय तसं. पाच मिनिटांचा तर खेळ आहे. माय इथं नाही, मायला कळणार नाही, पहिल्या पगारात तिला लुगडं घेता येईल. असे विचार काय कुणाला येत नाहीत?

"ग्राहक क्रमांक तीन," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "हं." "राहणार परळी." "हं." "कुटुंबात तीन माणसं, सगळी भांडी ही एकटी घासते." "हं," साहेब म्हणाले, आणि हातातल्या मोबाईलवर त्यांचा अंगठा सरकत होता. अंजली थांबली. मान खाली, अंगठा चालू, आणि वाक्य संपलं की हं. अस्सं! पुण्याचं हौ असं असतं होय! तिच्या हातात मुद्द्यांचा कागद होता, तो तिनं उलटा केला आणि पेनाचं टोपण काढून तीन खुणा केल्या. मग ती हळूच, त्याच आवाजात, त्याच चालीवर पुढं बोलत गेली. "परळी भागात फिरायला परळीचंच माणूस पाहिजे." "हं." "मी तिथलीच आहे, तीस घरं पायी फिरलेय." "हं." "फिरायला कंपनीनं गाडी द्यावी." "हं." "घरोघर फिरल्याचा भत्ता वेगळा." "हं." "आणि बाईचा फोटो तिच्या परवानगीशिवाय लावू नये." "हं, हं." सुग्रीव सर कोपऱ्यात ताठ झाले होते. करिष्मानं तोंडावर ओढणी घेतली होती.

"सर," अंजली म्हणाली, "तुम्ही नऊ वेळा हं म्हणालात. मी नऊ 'होय' लिहून घेतलेत. तर मग सोमवारपासून रुजू होऊ ना? गाडी कुठली देताय?"

साहेबांनी मान वर केली. "काय? गाडी? अहो मॅडम, मी फक्त ऐकत होतो."

"ही पण ऐकतच होती, सर."

वर्गात कुणी हसलं नाही. अंजली आता रागानंच बोलत होती, आणि तो राग कुणाकुणावर होता हे तिला पक्कं माहीत होतं. "हिचं नाव शेवंताबाई न्हाई, सिंधुबाई हाय. ती सातवी शिकलेली हाय. आमचं घर झोपडपट्टीत न्हाई. तुमी बोलायलाव म्हणून ती हौ म्हणती, उद्या कुणी तिच्या दारात उभं राहून बोलत राहिलं तर त्याला बी हौ म्हणंल, पाणी बी देईल, अन् घेनार काहीच न्हाई. तुमचा माल तसाच माघारी येईल. अन् हा फॉर्म चुकीचा हाय, सर, तो मी भरलाय. ही माझी माय हाय." दहा महिने घासून घासून आणलेली पुस्तकी भाषा कधी गळून पडली हे तिला कळलंही नाही. तिनं टेबलावरचं बटन दाबलं. माय गेली. पांढरा पडदा राहिला.

साहेबांनी पेनानं काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. कळवू." 'कळवू' म्हणजे काय हे मात्र सगळ्यांना बरोबर कळतं, त्याच्यापुढं कुणी 'होय' ची खूण करत नाही. जाता जाता सुग्रीव सर फक्त म्हणाले, "मला आधी सांगायचं ना, अंजली." आणि ते एवढ्या खालच्या आवाजात म्हणाले की तिला त्यांचाही राग धड करता येईना. पहिल्याच तासाला ह्याच माणसानं फळ्यावर लिहिलं होतं, विकणं म्हणजे आधी ऐकणं. तिनं ते वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं चौकटीत लिहून ठेवलं होतं.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता आणि माय भाकरी टाकत होती. बाप अजून आला नव्हता. अंजली चपला काढून चुलीजवळ भिंतीला टेकून बसली. "झालं का आज ते साह्यबाचं?" माय म्हणाली. "झालं." आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली. पडदा सांगितला. हौ. भिंतीएवढा फोटो सांगितला. हौ. शेवंताबाई सांगितलं, लाल चौकट सांगितली, वर्ग हसला ते सांगितलं. हौ, हौ. माय भाकरी थापत होती, तव्यावर टाकत होती, पाणी फिरवत होती, आणि वाक्य संपलं की हौ. साहेबांच्या नऊ हंची गोष्ट आली तेव्हा माय एवढ्या मोठ्यानं हसली की पिठाचा हात तोंडाला लागला. "बरं केलंस! मिक्सरवाला व्हता तवा तू एवढीशी व्हतीस." मग अंजली म्हणाली, "माय, फॉर्म म्याच भरला व्हता." हौ. "तुरी पाखडताना इचारलं, आठवतंय का?" हौ. "शेवटचा प्रश्न तर म्या तुला इचारलाच न्हवता. तू आत गेलतीस. तशीच खूण केली."

हौ आला नाही.

अंजलीनं वर पाहिलं. माय तव्याकडं बघत होती. भाकर फुगली होती आणि ती उलटत नव्हती.

"काय व्हता प्रश्न?"

"घेनार का, आसा व्हता."

"इचार मग."

"आता?"

"आता इचार."

"हे लिक्विड तुमी इकत घेनार का?"

"न्हाई," माय म्हणाली. एवढंच. मिक्सरवाल्याला सांगितलं तसं समजावून सांगणं नाही, काही नाही.

भाकरीचा वास बदलला होता. अंजलीला पुढचं विचारायचं नव्हतं, पण आज एक प्रश्न न विचारता ठेवण्याचं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. "माय, माझ्यावर राग आला का तुला?"

"हौ," माय म्हणाली.

हा ऐकतानाचा हौ नव्हता. बोल पुढं, असं त्यात काहीच नव्हतं. अंजलीनं तो ऐकला, पुरता ऐकला, आणि 'पण माय' असं ओठावर आलेलं तिनं गिळून टाकलं. मायनं कडंनं काळी पडलेली भाकर तव्यावरून काढली, ताटात टाकली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि ताट तिच्यापुढं सरकवलं.

"जळाली बग तुझ्यापायी. आता हीच खा."

अंजलीनं ताट जवळ ओढलं आणि जळकी कड मोडली.